परवाना दुकानाला, विक्री धाब्यावर

फेब्रुवारी 2017. जिल्हा परिषद निवडणुकीची धामधूम. नगर तालुक्यातल्या पांगरमलला मतदारांच्या जेवणावळीत दारू वाटली गेली आणि ती पिऊन माणसं दगावली. बनावट दारू चक्क जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमध्ये तयार होत असल्याचं तपासात उघड झालं.

‘फुकटची प्यायले, भोगलं,’ एवढ्यावर हा विषय संपत नाही. बनावट बाटली गावात बिनबोभाट खपते, कारण आडमार्गाच्या विक्रीची आपल्याला सवय झाली आहे. परवानाधारक दुकानातून खोकीच्या खोकी उचलायची, धाब्यावर नाहीतर टपरीत ठेवायची आणि ज्यादा भावानं विकायची. ड्राय डेला शटर खाली, मागचं दार उघडं. अशा ठिकाणी हातात आलेली बाटली खरी की खोटी, हे कोण सांगणार?

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 कडक आहे. विनापरवाना विक्रीला कलम 65 खाली तुरुंगवास आणि दंड. धाब्यावर गुत्ता चालवला तर मालकावर कलम 68, तिथं पिणाऱ्यावर कलम 84. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम 54 नुसार परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. पण कलम 104 मध्ये तडजोडीची सोय आहे. रक्कम भरायची, परवाना वाचवायचा, दुकान पुन्हा सुरू. ही रक्कम सरकारी तिजोरीत जाते. घरातला कमावता माणूस गेलेल्या बाईच्या पदरात त्यातलं काही पडत नाही. दवाखाना, पोलीस, कोर्ट यांचा खर्च मात्र सगळ्यांच्या करातून होतो.

म्हणून नुसती कुजबुज नको, लेखी तक्रार करा. दुकानाचं नाव, तारीख, वेळ आणि बाटलीवरचा बॅच नंबर लिहा. अर्ज राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. महिनाभरानं कारवाईचं काय झालं, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अवैध दारूवर नजर ठेवणाऱ्या ग्रामरक्षक दलाची तरतूद 2016 मध्ये कायद्यात आली. गावात दल नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या. एवढं करूनही भागलं नाही, तर 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येतं. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिला की बाटली आडवी. पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या महिलांनी 2016 मध्ये तो कौल दिला होता.

पिणाऱ्यांनाही सांगणं आहे. रिकामी बाटली भंगारात टाकण्याआधी लेबल फाडा, बूच मोडा, म्हणजे तीत पुन्हा बनावट दारू भरून विकता येणार नाही. प्यायल्यावर डोळ्यांना अंधुक दिसू लागलं, उलट्या झाल्या, तर ‘झोपला की उतरेल’ म्हणत थांबू नका. थेट दवाखाना गाठा.

आणि निवडणुकीत कुणी बाटली पुढं केली, तर पांगरमल आठवा. ती घेऊ नका, शेजाऱ्यालाही घेऊ देऊ नका.