कृष्णामाईला भ्यायचे नाही तर कुणाला?

निसर्ग माणसावर उलटतो असे दाखवणारे भयपट ही परक्यांची विकृती आहे. आपल्याकडे निसर्ग म्हणजे आई, आणि आई लेकरांच्या जिवावर उठत नाही, असे परवा सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका व्याख्यानात ऐकले. शिवाय म्हणे असे चित्रपट प्राण्यांना बदनाम करतात आणि मुलांना भित्री बनवतात. टाळ्या पडल्या. मला संताप आला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभाग बुडाला. ब्रह्मनाळला पुरातून सुटू पाहणाऱ्यांची बोट उलटली. विश्रामबाग उंचावर, म्हणून इथल्या कोरड्या सभागृहात आईच्या वात्सल्याचे गोडवे गाता येतात.

आणि भय परके कसे? याच जिल्ह्यातले बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. नागापुढे हात जोडणारा त्याचे विष ओळखून असतो. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेत. सह्याद्रीत वाघोबाची ठाणी आहेत. पूर चढला की बायका खणानारळाने कृष्णेची ओटी भरतात; त्या ओटीत माया असते, तशी ‘आता मागे सर’ ही काकुळतीची विनवणीही असते. आपल्या पूर्वजांनी निसर्गाला आई म्हटले ते त्याच्या धाकात राहून. त्यातला धाक पुसून नुसती आई उरवायची, हा उद्योग अलीकडचा आहे.

त्याहून मोठा राग मला या आईपणाच्या आडून मिळणाऱ्या माफीचा येतो. १९७५ चा ‘जॉज’ पाहा. शार्क माणसे खातो, पण सुट्टीचा हंगाम बुडेल म्हणून किनारा उघडा ठेवतो तो नगराध्यक्ष. १९५४ चा ‘गॉडझिला’ अणुचाचण्यांनी जागा होतो. म्हणजे हे परके चित्रपट निदान गुन्हेगार तरी दाखवतात. आपल्याकडे पूर आला की ‘निसर्गाचा कोप’ म्हणायचे आणि निळ्या पूररेषेच्या आत भराव कुणी टाकू दिला, हे विचारायचेच नाही. मग तोच जुना वाद: अलमट्टी धरणाची फूग की कोयना धरणाचा विसर्ग? दोन्हीकडचे लोक वर्षानुवर्षे एकमेकांकडे बोट दाखवत बसले, आणि इकडे ओढेनाले बुजवून प्लॉट पडत राहिले. सांगलीतल्याच शामरावनगरात पाणी साठते ते कुणाच्या कोपाने?

प्राण्यांच्या बदनामीचा मुद्दा खरा आहे. ‘जॉज’ची कादंबरी लिहिणारा पीटर बेंचली पुढे शार्कच्या रक्षणासाठीच झटला. मुले भितील? भिऊ देत. भिणारे पोर मगरीच्या डोहात उतरत नाही.

मला हवा आहे तो कृष्णेचा भयपट. २०१९ च्या जुलैत ‘क्रॉल’ आला: फ्लोरिडातले वादळ, घरात पुराचे पाणी आणि पाण्यात मगरीच्या जातीचे प्राणी. पुढच्याच महिन्यात बेळगावच्या रायबाग तालुक्यात पुरातली मगर एका घराच्या छपरावर चढलेली लोकांनी पाहिली. भिलवडी-औदुंबरच्या काठी मगरी आहेत, उन्हाळ्यात त्या काठावर अंडी घालतात, आणि आपण तिथली वाळू उपसतो, पाण्याला भिडेपर्यंत ऊस लावतो. एवढी कथा पुरे. मराठीत कुणी हा चित्रपट काढला, तर पहिला खेळ गावभागातल्या लोकांसाठी लावावा आणि त्यातले खोटे काय, ते त्यांनाच विचारावे.