खतावणी म्हणजे इतिहास नव्हे

१/ ‘जो खेळ बाजारात आलाच नाही, त्याचा कसला इतिहास?’ हा प्रश्न व्यापाऱ्याला शोभतो. इतिहासाच्या अभ्यासकाला नव्हे.

२/ १९८४. लिव्हरपूलच्या ‘इमॅजिन सॉफ्टवेअर’ने दोन महाखेळांची जोरदार जाहिरात केली : झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी ‘बँडरस्नॅच’, कमोडोर ६४ साठी ‘सायक्लॅप्स’. घरगुती संगणकाची स्मृती अपुरी पडे, म्हणून त्याला जोडायचे स्वतंत्र हार्डवेअर खेळासोबतच विकण्याचा बेत होता.

३/ जुलैत कंपनी बुडाली. तिथे चित्रीकरण करणाऱ्या बीबीसीच्या कॅमेऱ्याने टिपली ती जप्ती. दोन्ही खेळ दुकानांत कधीच पोहोचले नाहीत.

४/ मग सारे शून्य? मुळीच नाही. याच कंपनीतील काहींनी पुढे ‘सिग्नोसिस’ उभारली. ‘बँडरस्नॅच’च्या कल्पनांतून तिचा ‘ब्रॅटाकस’ घडला. १९९३ मध्ये सोनीने ही संस्था विकत घेतली. न विकलेला खेळ वगळा, ही वंशावळ मुळापासूनच तुटते.

५/ विक्रीचे आकडे ही दुकानदाराची खतावणी. तिलाच इतिहास मानणारे अपयशाची साधने कचऱ्यात जाऊ देतात. चुंबकीय फीत कुणासाठी थांबत नाही. अर्धवट खेळांच्या कॅसेटी आणि टिपणवह्या आज जपल्या नाहीत, तर उद्या आपल्या हाती केवळ जाहिराती उरतील.