संगणक नवा होवो, पण घरातले लिखाण आधी जपा





अनेक पालक मला एकच प्रश्न विचारतात, "सर, आमच्या घरचा कॉम्प्युटर आता बंद पडणार का?" कारण असे की २०१५ साली आलेल्या विंडोज १० या प्रणालीची नेहमीची सेवा मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. संगणक त्यामुळे बंद पडत नाही. पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवणारे सुरक्षा अपडेट मिळेनासे होतात. ज्या संगणकावर बँकेचे काम होते, मुलांचे परीक्षेचे फॉर्म भरले जातात, तो असा उघडा ठेवू नये. म्हणून विंडोज ११ घ्यावे, असे माझे मत आहे. पण घाई करू नये. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत दिली, ती तयारीसाठीच.

घाईचे फळ मी भोगले आहे. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीची सेवा संपली, तेव्हा मी घरचा संगणक दुकानात दिला. दुकानदाराने विचारले, "सर, यात काही डेटा आहे का?" मी म्हणालो, "सगळे डी ड्राईव्हमध्ये आहे, तुम्ही सी फॉर्मॅट करा." माझा समज चुकीचा होता. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स हे दोन्ही सामान्यतः सी ड्राईव्हमध्येच असतात. १९५६ पूर्वी बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते, त्या काळातील वडिलांच्या आठवणी मी तेथे टाइप करून ठेवल्या होत्या. तीस पाने गेली. वडील तोवर हयात नव्हते. दुकानदाराचा दोष नव्हता. मी न पाहता उत्तर दिले होते.

चार पाने एका पेन ड्राईव्हमध्ये सापडली. ती उघडली तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरे! ती कृतिदेव फॉन्टमध्ये लिहिलेली होती आणि नव्या संगणकात तो फॉन्ट नव्हता. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, टायपिंगही हिंदीचेच शिकलो, त्यामुळे मराठीदेखील मी कृतिदेवमध्येच लिहीत असे. या फॉन्टमध्ये संगणक आत रोमन अक्षरच साठवतो, फॉन्ट त्याला फक्त देवनागरीचे रूप देतो. उदाहरणार्थ, आत 'डी' हे छोटे अक्षर असते आणि आपल्याला 'क' दिसतो. फॉन्ट गेला की रूपही गेले. युनिकोडमध्ये मात्र 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मोबाईलवर आणि कोणत्याही नव्या संगणकावर 'क' च दिसतो.

म्हणून संगणक बदलण्यापूर्वी पुढील कामे करावीत.

पहिले, नक्कल. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स आणि फोटो यांची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राईव्हवर घ्या. नंतर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या नकलेवर विसंबू नका.

दुसरे, फॉन्ट. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असे जे जुने फॉन्ट वापरले असतील तेही नकलेसोबत ठेवा. महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मूळ पानाशी ताडून पाहा. रूपांतरात जोडाक्षरे व रफार चुकतात.

तिसरे, पात्रता. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन हे तपासून सांगते. पात्र संगणकाला विंडोज १० वरून ११ वर जाण्यास पैसे लागत नाहीत. पात्र नसेल तर नवा घेण्याआधी लिनक्सचाही विचार करा.

चौथे, दुकानदाराला स्पष्ट सांगा की अपग्रेड हवे आहे की फॉर्मॅट. अपग्रेडमध्ये फाईली व फॉन्ट सहसा जागेवर राहतात, फॉर्मॅटमध्ये पुसले जातात. ड्राईव्ह बिटलॉकरने बंद असेल तर रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. काम चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस किंवा पूर्ण चार्ज झालेला लॅपटॉप असावा. अपग्रेड पसंत पडले नाही तर सामान्यतः दहा दिवसांच्या आत मागे जाता येते.

मी यावर इतके का लिहितो? आपल्या घरांत मराठी आहे, पण शाळा, कचेरी, बाजार यांचा कारभार बहुतेक हिंदीत चालतो. आपले मराठी लिखाण छापले जातेच असे नाही. आजोबांची पत्रे, आईने लिहून ठेवलेली ओव्यांची वही, कुळाची वंशावळ, लग्नपत्रिकेचा मजकूर, हे पुष्कळदा एकाच घरातल्या एकाच संगणकात असते. नागपूर-पुण्याला पुस्तक हरवले तर ग्रंथालयात दुसरी प्रत मिळेल. आपली फाईल पुसली तर दुसरी प्रत नाही.

विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की शाळेच्या या अंकाच्या जुन्या फाईली युनिकोडमध्ये आणून त्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्यास मंजुरी द्यावी. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत हे काम प्रथम आपल्या घरी करावे. आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि कोणती फाईल कशाची आहे ते विचारा. नाव नसलेल्या फाईलींना नाव द्या. ते काम संगणक करून देणार नाही, आणि सांगणारी माणसे नेहमी आपल्याजवळ नसतात.

आपला,
प्राचार्य