दिल्लीहून येणारी जुनी लक्झरी सेडान खरंच स्वस्त पडते का? पहिल्यांदा घेणाऱ्यांनी हा हिशोब आधी मांडा

इन्स्टाग्राम उघडलं की चार-पाच रीलनंतर एक रील हमखास येतंच. मागे गाणं, पुढे चकाचक काळी मर्सिडीज आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'नव्या क्रेटाच्या किमतीत घरी न्या'. खाली बारीक अक्षरात, 'दिल्ली पासिंग, एनओसी करून मिळेल'.

आता १०-१२ लाख हातात असलेल्या माणसाचा जीव अशा रीलवर अडकणारच. तेवढ्याच पैशात शेजाऱ्यासारखी हॅचबॅक घ्यायची, की कधीकाळी ५०-६० लाखांना विकलेली बीएमडब्ल्यू, ऑडी किंवा मर्सिडीज? वर विकणारा कारणही पटेल असं सांगतो, 'दिल्लीत बंदी आहे, म्हणून फुकटात चाललीय.'

तर ही बंदी नेमकी काय आहे, आता तिचं काय झालंय आणि १२ लाखांची गाडी खरंच १२ लाखांत पडते का, हेच बघूया.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का झाल्या?

सुरुवात होते २०१४ मध्ये. राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली-एनसीआरमध्ये १५ वर्षांपेक्षा जुन्या गाड्या चालवायला मनाई केली. मग एप्रिल २०१५ मध्ये १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ही मर्यादा कायम ठेवली.

बाकी देशात खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षं चालतं आणि फिटनेस असेल तर पुढे वाढवूनही मिळतं. दिल्लीत मात्र डिझेल गाडीचं आयुष्य थेट १० वर्षांवर आलं. गाडी आठव्या-नवव्या वर्षात आली की मालक ती विकायला काढायचा आणि गाडी एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात जायची. भारतातल्या जुन्या लक्झरी सेडान मोठ्या प्रमाणात डिझेलच्या आहेत, त्यामुळे हा माल महाराष्ट्रातही येत राहिला.

१ जुलै २०२५ पासून तर अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपावर इंधनच न देण्याचा नियम लागू झाला. लोक चिडले आणि काही दिवसांतच तो पुढे ढकलावा लागला. १२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की फक्त वय झालं म्हणून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. मग डिसेंबर २०२५ मध्ये कोर्टानं या आदेशात बदल केला. आता हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांनाच आहे, बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांना नाही.

दिल्लीत बीएस-४ आलं एप्रिल २०१० मध्ये. म्हणजे आज रीलमध्ये दिसणाऱ्या २०१४ ते २०१७ च्या सेडान या संरक्षणात बसतात. त्यांच्या मालकांना घाईनं गाडी काढण्याचं कारण पूर्वीइतकं उरलेलं नाही. तरी गाडी स्वस्तच मिळत असेल, तर कारण बंदीपेक्षा गाडीच्या वयात शोधायला हवं.

गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही

समजा, ६० लाखांची सेडान नऊ वर्षांनी १२ लाखांना मिळाली. म्हणजे गाडीची किंमत ८० टक्के पडली. पण तिचा हेडलाइट, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, एअर सस्पेन्शन किंवा टर्बो यातलं काहीच ८० टक्क्यांनी स्वस्त झालेलं नसतं. तुम्ही गाडी १२ लाखांची घेता, पण तिला जपायचा खर्च ६० लाखांच्या गाडीचाच असतो.

शिवाय नववं-दहावं वर्ष म्हणजे सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंट, ऑइल सील, बॅटरी, टायर अशी मोठी कामं एकत्र निघायची वेळ. बऱ्याच बीएमडब्ल्यू सेडानमध्ये रन-फ्लॅट टायर येतात, ते साध्या टायरपेक्षा महाग असतात. डिझेल गाडी फक्त गल्लीतल्या गल्लीत फिरवली, तर धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर तुंबतो. पहिला मालक हे सगळं यायच्या आधीच गाडी सोडतो, ती बिलं दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या वाट्याला येतात.

काहींना वाटतं, मर्सिडीज चाकणला बनते, ऑडी छत्रपती संभाजीनगरला बनते, मग पार्ट स्वस्त असतील. पण या कारखान्यांमध्ये प्रामुख्यानं परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जुळणी होते. कारखाना शेजारी असला म्हणून पार्टचं बिल कमी येत नाही.

इन्शुरन्समधली गोम

इन्शुरन्समध्ये गाडीची जी किंमत धरतात तिला आयडीव्ही म्हणतात. गाडीच्या वयासोबत ती कमी होते, पाच वर्षांपर्यंत साधारण निम्म्यावर येते. त्यानंतर कंपनी आणि ग्राहक ती आपसात ठरवतात.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की गाडी टोटल लॉस धरली जाते. १२ लाख आयडीव्ही असेल तर ही रेषा आहे ९ लाखांची. पुढून जोरात धडक बसली, एअरबॅग उघडल्या, दोन्ही हेडलाइट आणि रेडिएटर गेले, की लक्झरी गाडीत ९ लाख गाठायला वेळ लागत नाही. साध्या गाडीत जो अपघात दुरुस्तीवर भागतो, तो इथे गाडीचा शेवट ठरू शकतो. त्यात ठरावीक वयानंतर अनेक कंपन्या झिरो डेप देत नाहीत. मग प्लॅस्टिक आणि रबरच्या पार्टचा मोठा हिस्सा तुमच्या खिशातून जातो.

आणखी एक, पॉलिसी १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. नाही केली आणि मध्येच अपघात झाला, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

एनओसी मिळाली म्हणजे काम झालं का?

नाही. एनओसी म्हणजे फक्त दिल्लीच्या आरटीओनं गाडी सोडली. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची, तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी इथला वाहन कर भरावा लागतो.

महाराष्ट्रात २० लाखांपेक्षा महाग डिझेल गाडी नवी घेतली तर एकरकमी कर १५ टक्के आहे, म्हणजे ६० लाखांच्या गाडीला ९ लाख. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, पण हिशोब सुरू होतो गाडीच्या मूळ किमतीपासून. तुम्ही ती १२ लाखांना घेतली, याच्याशी आरटीओला देणंघेणं नसतं. गाडी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर कराचा दर आणखी जास्त. म्हणून पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत दोन प्रश्न विचारा. ही गाडी इथे नोंदवून मिळेल का, आणि नेमका कर किती बसेल?

जीएसटीचाही घोळ होतो. जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो नोंदणीकृत डीलरच्या नफ्यावर. त्यानं १० लाखांना घेऊन १२ लाखांना विकली, तर कर २ लाखांवर, म्हणजे ३६ हजार. पूर्ण १२ लाखांवर १८ टक्के मागत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. दोन सामान्य माणसांमधल्या थेट व्यवहारावर हा कर नाही.

दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांवरचा कर ४० टक्क्यांवर आला. आधी सेससह मोठ्या सेडानवर तो ४८ टक्के होता. त्यामुळे 'नवी एवढ्याला आहे, ही निम्म्यात देतो' असं कोणी म्हणालं, तर तो कधीची किंमत सांगतोय ते तपासा.

टोकन देण्याआधी काय बघायचं?

१. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नंबर टाका. कितवा मालक, कर्जाचा बोजा, इन्शुरन्स आणि ई-चलन बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवाच.

२. आरसी, चॅसी आणि इंजिनवरचे नंबर स्वतः जुळवा. एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणि ट्रान्सफरचे फॉर्म २९, ३० यांवर सही कोणाची आहे, तेही बघा.

३. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिस हिस्टरी मागा. नऊ वर्षांत ४५ हजार किलोमीटर म्हणतोय आणि चौथ्या वर्षीच नोंद ७० हजारांची असेल, तर मीटर मागे फिरवलंय.

४. स्कॅनर लावून गाडी तपासा. अनेक जर्मन गाड्यांत किलोमीटरची नोंद एकापेक्षा जास्त कंट्रोल युनिटमध्ये राहते. आदल्याच दिवशी सगळे एरर कोड पुसलेले दिसले, तर कारण विचारा.

५. सकाळी, इंजिन गार असताना गाडी सुरू करायला लावा. साखळीचा खडखडाट, निळा धूर किंवा गिअर पडताना बसणारा धक्का गार गाडीतच जास्त कळतो.

६. कार्पेट उचला, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, सीटखालचे बोल्ट बघा. गाळ किंवा गंज दिसला तर गाडी पुरात उभी राहिलेली असू शकते. अशा गाडीची वायरिंग पुढे वर्षानुवर्षं त्रास देते.

७. डीलर असेल तर आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी हा नियम आहे.

मग घ्यायची की नाही?

घ्यायला हरकत नाही. वेळेवर सर्व्हिस झालेली जर्मन सेडान हायवेवर जो आराम आणि जी सुरक्षितता देते, ती त्याच पैशातल्या नव्या छोट्या गाडीत मिळणं अवघड आहे. पण हातात १२ लाख असतील, तर गाडी ९ लाखांची बघा. उरलेले ३ लाख कर, इन्शुरन्स आणि पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवा. गावात किंवा जवळच्या शहरात या गाडीवर काम करणारा, स्कॅनर असलेला मेकॅनिक आहे का, तेही आधी शोधा. त्यातल्या त्यात, महाराष्ट्रातच नोंदलेली, पूर्ण हिस्टरी असलेली गाडी लाखभर महाग मिळाली, तरी बऱ्याचदा तीच शेवटी स्वस्त पडते.

आणि सगळे १२ लाख गाडीतच जाणार असतील, वर कर्जही काढावं लागणार असेल, तर थांबलेलं बरं. ईएमआय सुरू आणि गाडी गिअरबॉक्ससाठी गॅरेजमध्ये उभी, असं झालं तर ऑफिसला बसनंच जावं लागेल.