पिल्लं वाटली, पुढे काय?

नेपानगर म्हटलं की वर्तमानपत्रावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना कागदच आठवतो. देशातला पहिला न्यूजप्रिंट कारखाना तिथला. १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. मधली काही वर्षं बंद राहून २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. ह्या कागदाला एक दुसरा जन्मही असतो. वाचून झालेली रद्दी ब्रूडरमध्ये भाताच्या तुसावर अंथरतात, म्हणजे नवी पिल्लं दाणे सोडून तूस खात नाहीत. चार-दोन दिवसांनी ती काढावीच लागते, कारण गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात.

कागदावरून तुसावर जाणं सोपं आहे. तुसावरून अंगणातल्या खुराड्यात जाणं कठीण, आणि आमच्या सरकारी योजना नेमक्या त्याच उंबरठ्यावर थांबतात असं माझं मत आहे.

परसातल्या कुक्कुटपालनाच्या योजनांत एक दिवसाची पिल्लं ‘मदर युनिट’मध्ये साधारण चार आठवडे वाढवून मग गरीब कुटुंबांच्या हाती देण्याची पद्धत आहे. नाव किती छान! पण आई काय करते ते पाहा. कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते, पण कोंडून ठेवत नाही. पहिल्या काही दिवसांतच बाहेर काढते, माती उकरून दाखवते, घार दिसली की निराळा आवाज काढते, गारठा वाटला की परत पोटाखाली घेते. महिना-दोन महिन्यांनी स्वतःच चोच मारून दूर करते. तिचं सोडणं असं अनेक आठवडे चालतं.

ब्रूडरचा दिवा फक्त ऊब देतो. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. अंगभर पिसं यायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणजे चार आठवड्यांचं पिल्लू अजून अर्धं लवेतच असतं.

नेपानगरच्या आसपास कोरकूंची वस्ती आहे. त्या निमाडात थंडीतल्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यातल्या दुपारी बेचाळीसच्या वर चढतो. आपल्या गोव्यात थंडीचं भय नाही, पण जूनची ओल आहे; ओल्या तुसात पिल्लांना रक्ताची हगवण लागते. दोन्हीकडे एकच वेळापत्रक कसं चालेल? त्याच मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण जात कितीही नामांकित असो, पिसं यायची ती वेळेवरच येणार.

कुणी म्हणेल, गावठी कोंबडीचे एवढे लाड कशाला? आपल्या आज्या कुठे थर्मामीटर घेऊन बसायच्या? बरोबर आहे, पण त्या पिल्लांना आई होती. यंत्रातून निघालेल्या पिल्लांची आई आपणच व्हायला हवं.

त्यासाठी फार खर्च नको. पिल्लांआधी खुराडं तयार असावं: जमिनीपासून उंच, वर छप्पर, मुंगूस शिरणार नाही अशी बारीक जाळी. रात्रीचा दिवा आधीच हळूहळू बंद करावा. उन्हं कोवळी असताना तास-दोन तास बाहेर, मग आत. नव्या खुराड्यात पहिले काही दिवस कोंडूनच ठेवावं, म्हणजे संध्याकाळी परतायचं घर कुठलं ते कळतं. आणि राणीखेतची लस झाली आहे ना, हे पिल्लं घेतानाच विचारावं.

मी कारकून माणूस, तक्त्यांत रमणारा. ‘वाटलेली पिल्लं’ हा रकाना भरणं सोपं असतं. त्याच्या शेजारी ‘तीन महिन्यांनी जिवंत असलेली’ असा आणखी एक रकाना आखावा, एवढंच माझं म्हणणं. तो भरायचा म्हटलं की खुराड्याची चौकशी आपोआप सुरू होईल. ज्या बाईने त्या पिल्लांच्या अंड्यांवर मुलांच्या वह्यांचा हिशोब मांडलेला असतो, तिचा महिना त्या दुसऱ्या रकान्यावरच चालतो.