हिरवळीला तुषार, कोरडवाहूला उपदेश



जे गवत उपटता उपटता आपल्या तीन पिढ्यांच्या कमरा मोडल्या, तेच गवत शहरात पैसे मोजून लावले जाते. हरळी! आपण ती कुदळीने खणतो, उन्हाळ्यात खोल नांगरून तिच्या काशा वेचतो, पोराबाळांना मागे लावून ढीग करतो आणि वाळवून जाळतो. एक गाठ मातीत राहिली तरी पुढल्या साली वावर पुन्हा तिचेच. गणपतीला एकवीस दुर्वा पुरतात, बाकीची हरळी शेतकऱ्याची वैरीण. शहरात मात्र तिचे बी पाकिटात मिळते, तिचे गालिचे ट्रकने येतात आणि तिच्या तैनातीला माणूस ठेवला जातो. तिला तिथे 'लॉन' म्हणतात.

ज्याला हौस आहे त्याने हरळी लावावी, आमची ना नाही. पण त्या हिरवळीमागे पाण्याचा एक हिशेब दडला आहे. तो जिल्हा मेळाव्याला येण्याआधी प्रत्येकाने समजून घ्यावा, म्हणून हे लिहीत आहोत.

हिरवळ कशी उगवते?

शेतीची पदवी घेताना आम्हाला हे शास्त्र शिकवले गेले. त्यात खोट काहीच नाही. हरळीचे बी अगदी बारीक, किलोत चाळीस लाखांवर दाणे. ते खोल पडले तर वर येत नाही, म्हणून माती भुसभुशीत करून, सपाट करून, बी वरच्यावर टाकायचे, दाताळ्याने हलके मातीत मिसळायचे आणि वरून हलका रूळ फिरवायचा. मग आच्छादन. भाताचे तणस किंवा गव्हाचे काड इतके पातळ पसरायचे की खालची माती अर्धी दिसत राहील. जाड थर दिला तर कोंबाला ऊन मिळत नाही, तो पिवळा पडतो. या आच्छादनाने तीन कामे होतात. ऊन थेट मातीवर पडत नाही, पाण्याच्या थेंबाने बी वाहून खोलगट जागी गोळा होत नाही आणि पाखरे बी टिपत नाहीत.

त्यानंतर पाणी. उगवायला दहा ते वीस दिवस लागतात. तोवर मातीचा वरचा इंचभर थर एकदाही सुकता कामा नये. बी फुगले, कोंब फुटला आणि त्याच दुपारी माती वाळली, तर तो कोंब मेला, पुन्हा फुटत नाही. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा बारीक तुषार. उगवण झाली की पाण्याच्या पाळ्या कमी करायच्या, पण प्रत्येक पाळीला पाणी जास्त द्यायचे, म्हणजे मुळी खाली जाते. आच्छादनाचे काड तिथेच कुजू द्यायचे.

हे नीट वाचा. आच्छादन आणि पाणी ही जोडी आहे. आच्छादन ओल राखते, ओल निर्माण करत नाही. शहरातल्या हरळीला ही दोन्ही मिळतात. तुम्हाला मात्र मेळाव्यात, रेडिओवर, घडीपत्रिकेत जोडीतले एकच सांगितले जाते, आच्छादन करा. दुसऱ्याचे नाव निघत नाही.

आता हिशेब

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला रोजचे पाच मिलिमीटर धरू. यात चैन काही नाही, मार्च-एप्रिलच्या आपल्या उन्हात तेवढे उडूनच जाते. म्हणजे एकरभर हिरवळीला रोज वीस हजार लिटर. दहा दिवसांत दोन लाख लिटर.

दोन लाख लिटर म्हणजे काय? एकरभर कपाशीला किंवा ज्वारीला पाच सेंटिमीटरची एक संरक्षित पाळी. कपाशी बोंडे भरत असताना पावसाने पाठ फिरवली किंवा ज्वारी पोटरीत असताना भुई भेगाळली, तर तुम्ही ज्या एका पाण्यासाठी आभाळाकडे बघत बसता, ते पाणी. त्या एका पाण्यावर वर्षाचा दाणा आणि वर्षाचा कडबा ठरतो. शहरातली हरळी ते दहा दिवसांत पिते. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने धरले, तर एका एकराला अठ्ठेचाळीस लाख लिटर. चोवीस एकरांना एकेक संरक्षित पाळी!

आठवा २०१६ चा एप्रिल. लातूर शहराला प्यायला पाणी उरले नव्हते. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, पन्नास-पन्नास हजार लिटरच्या दहा टाक्या, एकूण पाच लाख लिटर. साऱ्या देशाने ती गाडी छायाचित्रात पाहिली. आमच्या वरच्या हिशेबाने ती अख्खी गाडी म्हणजे एक हेक्टर हिरवळीचे दहा दिवसांचे पाणी. त्याच दिवसांत महाराष्ट्रात क्रिकेटचे आयपीएल सामने भरायचे होते. मैदानाची हिरवळ राखायला पाणी लागणार, म्हणून लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. १३ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. गवताला पाणी की माणसाला, एवढी साधी गोष्ट ठरवायला न्यायालयाची पायरी चढावी लागली!

आणि हे पाणी जाते कोणत्या नावाने? राज्याच्या २००३ च्या जलधोरणात आधी पिण्याचे पाणी, मग उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेतीला उद्योगाच्या पुढे आणले गेले. पिण्याचे पाणी पहिले, यावर कोणा शेतकऱ्याचा आक्षेप असणार नाही. शहरातले माणूसही आपलेच, आपली पोरे तिथेच आहेत. पण पिण्याच्या नावाने राखलेल्या पाण्याच्या नळाला अंगणात रबरी नळी लागली की हरळीही त्या पहिल्या रांगेत जाऊन उभी राहते. माणसाच्या तोंडचा घास पुढे करून गवत पोसायचे, असा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल, शहरातल्या हिरवळी केवढ्या आणि राज्याची शेती केवढी! बंगल्याचा नळ बंद केला म्हणून ते पाणी तुमच्या वावरात येणार आहे का? नाही येणार. एवढे आम्हाला कळते. आम्ही शहराचे पाणी हिसकावायला निघालेलो नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, स्वतःच्या अंगणात रोज वीस हजार लिटर ओतणाऱ्याने पावसावर जगणाऱ्याला पाणी वाचवण्याचे धडे देऊ नयेत.

आम्ही पाहिलेली गोष्ट

पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही शिकत होतो तेव्हाची गोष्ट. साल पावसाचे वाईट होते. मुख्य इमारतीसमोर पाहुण्यांसाठी नवी हिरवळ करायचे ठरले. वर पसरायला काड हवे होते. ते गोठ्याच्या गंजीतून आले. सकाळ, दुपार, संध्याकाळ तुषार फिरत होते. त्याच विहिरीपासून दोनशे पावलांवर आमच्या प्रयोगाची ज्वारी पोटरीत अडकून वाळत होती. त्या ज्वारीचा विषय काय होता? कोरडवाहू पिकात ओलाव्याचे संवर्धन! आम्ही वाळलेल्या ताटांची उंची मोजून वहीत लिहीत होतो. आमच्यापैकी एकानेही तोंड उघडले नाही. परीक्षेत ओलावा संवर्धनावर आम्हाला चांगले गुण मिळाले. ती लाज अजून गेलेली नाही. संघटनेत आलो, त्यामागे तीही आहे.

उपदेशाची किंमत कोण मोजतो?

आता तुम्हाला दिला जाणारा सल्ला पाहू. रब्बी ज्वारीत हेक्टरी पाच टन काडीकचऱ्याचे आच्छादन करा. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पेरणीनंतर लवकर आच्छादन केले तर बाष्पीभवन थांबते, भेगा कमी पडतात, दाणा वाढतो. पण हेक्टरी पाच टन म्हणजे एकरी दोन टन. दोन किलोची पेंढी धरली तर हजार पेंढ्या. हलक्या रानाच्या एकरात एवढा कडबा निघतच नाही. निघाला तरी तो मातीवर अंथरायचा आणि दावणीच्या बैलाला काय उपदेश खाऊ घालायचा? दुष्काळी सालात कडबा दाण्याहून महाग होतो, हे घडीपत्रिका लिहिणाऱ्याला ठाऊक नसते का? तुरीचे कुटार जनावर खाते. तुराटी कुडाला लागते. पऱ्हाटी चुलीला लागते. आपल्या घरात फुकटचा काडीकचरा नावाची वस्तूच नाही. ज्या सल्ल्यात आच्छादनाच्या मालाची किंमत धरलेली नाही तो सल्ला अर्धाच म्हणायचा.

आणि आपण अडाणी आहोत म्हणून आच्छादन करत नाही, हेही खोटे. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे. तिथली ज्वारीची शिफारस काय आहे? पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी, शेवटची दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा बुजतात आणि वर भुसभुशीत मातीचा थर राहतो. हे मातीचेच आच्छादन! कोणी याला डवरणी म्हणते, कोणी कोळपणी. ज्याची किंमत आपल्याला परवडते ते आच्छादन आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत.

आपलेही थोडे चुकते

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या वावरातला धूरही पाहिला पाहिजे. चुलीपुरती पऱ्हाटी ठेवून उरलेली आपण धुऱ्यावर पेटवतो. धसकटे पेटवतो. पेटलेला धुरा बोरी-बाभळींची रोपे आणि चांगले गवतही घेऊन जातो. न फुटलेली बोंडे लागलेल्या पऱ्हाटीची गंजी महिनोन्‌महिने घराजवळ रचून ठेवतो आणि गुलाबी बोंडअळीला पुढल्या हंगामापर्यंत घर देतो. ती पऱ्हाटी यंत्राने बारीक करून रानातच पसरली तर अळीचेही घर मोडते आणि ओलही टिकते. ही काडी जनावर खात नाही, म्हणून हे आच्छादन परवडण्यासारखे आहे. अडचण यंत्राची आहे, ती पुढे मागणीत येते.

दुसरे धुऱ्याचे. माळ्याकडून शास्त्र घ्या, हौस घेऊ नका. हरळी नको. मारवेल, पवन्या, डोंगरी ही आपली गवते, जोडीला स्टायलो. या गवतांचे बी हलके, वाऱ्याने उडते, म्हणून ओलसर माती आणि शेणात कालवून टाका. पावसाने जमीन नीट भिजली आणि झडीची चिन्हे दिसली की धुऱ्यावर उथळ रेघ ओढून बी टाका, वर काडीकचरा अगदी विरळ पसरा आणि शेळी तोंड घालू नये म्हणून बोरीच्या फांद्या ओढा. आपल्याकडे तुषार नाहीत, म्हणून झड साधायची. पहिल्या साली चारू नका, कापून घाला. धुराही धरून राहील आणि पुढल्या दुष्काळात पेंढीसाठी हात पसरावा लागणार नाही.

मेळाव्यात मांडायच्या मागण्या

एक. जिल्ह्यातल्या सरकारी कचेऱ्या, विश्रामगृहे आणि महाविद्यालयांनी फेब्रुवारी ते जून या काळात नवी हिरवळ लावू नये. जुनी असेल तिला सांडपाणी शुद्ध करूनच द्यावे आणि किती लिटर दिले ते फाटकावरच्या फळ्यावर रोज लिहावे.

दोन. आच्छादनाची शिफारस छापताना मालाचा आणि मजुरीचा त्या सालचा भावही छापावा. उत्पन्नवाढीतून तो खर्च निघत नसेल, तर तेही स्पष्ट लिहावे.

तीन. पऱ्हाटी बारीक करणारे यंत्र गावोगाव भाड्याने मिळावे. कपाशीच्या शेवटच्या वेचणीनंतर पंधरा दिवसांत ते दारात हवे. उन्हाळा सरल्यावर नको.

चार. एका संरक्षित पाण्यापुरता साठा प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला यावा, शेततळ्याने म्हणा की बंधाऱ्याने. आधी एक पाणी, मग उपदेश.

पोराला खेळायला मैदान हवे, म्हाताऱ्याला फिरायला बाग हवी. हिरवळीवर आमचा राग नाही. पण राज्यातली पाचांतली सुमारे चार हिस्से शेती आभाळाच्या भरवशावर उभी असताना, हरळीला दिवसातून तीनदा पाणी आणि ज्वारीला वर्षातून एकदाही नाही, हा कायदा आम्ही मानणार नाही. मेळाव्याला येताना आपल्या तालुक्याच्या कचेरीपुढची हिरवळ पावलांनी मोजून या. एकराला रोजचे वीस हजार लिटर, हा हिशेब आता तुमच्याकडे आहे. आकडा चिठ्ठीवर लिहून आणा. बाकीचे मेळाव्यात बोलू.