प्रतिसरकारचा वारसा आणि गिनी-बिसाऊ

१९४३ ते १९४६ या काळात सातारा-सांगलीच्या गावोगावी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालविली. सावकार आणि दरोडेखोर यांना वचक बसविला. वीस वर्षांनी हाच प्रयोग पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊमध्ये झाला. खाड्या व खारफुटीने व्यापलेल्या, भातशेतीवर जगणाऱ्या या छोट्या देशावर गोव्यातील त्याच पोर्तुगीजांची सत्ता होती. १९६३ मध्ये सशस्त्र लढा सुरू झाल्यावर कृषितज्ज्ञ आमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने मुक्त प्रदेशात शाळा, लोकन्यायालये आणि लोकभांडारे उभारली. जानेवारी १९७३ मध्ये काब्रालांची हत्या झाली. तरीही त्याच वर्षी २४ सप्टेंबरला स्वातंत्र्याची घोषणा झाली.

परंतु पुढे सत्ता राजधानीत एकवटली. १९८० मध्ये लष्करी उठाव झाला आणि त्यानंतरही उठाव होतच राहिले. आज तेथील शेतकरी काजू पिकवतो, पण तो बव्हंशी कच्चाच परदेशी जातो आणि प्रक्रियेचा नफा भारत व व्हिएतनाममध्ये राहतो.

लढ्यात गावाने कमावलेली निर्णयसत्ता स्वातंत्र्यात गावाकडे उरली नाही, तर क्रांती अर्धीच राहते. आपल्याकडेही न्यायदान मंडळे इतिहासजमा झाली. तेव्हा केवळ प्रतिसरकारचे पोवाडे गाऊन भागणार नाही. ग्रामसभा हीच त्या मंडळांची वारस आहे; ती जागती ठेवणे हे कार्यकर्त्यांचे आजचे कर्तव्य होय.